कांचेंतील दिवा आणि तारेचा स्वर

१६७० सालच्या फेब्रुवारी महिन्यांत सिंहगड सर झाला, ही वार्ता राजगडावर प्रथम कोणा जासुदाच्या मुखानें पोंचली नाहीं. गडावरील पागेच्या गवती छपरांना मावळ्यांनीं आग लाविली आणि तो उजेड पाहून महाराजांनीं राजगडावरूनच ताडलें कीं गड घेतला, असें वर्णन सभासदाच्या बखरींत आहे. दोन्ही गडांमध्यें सरळ रेषेनें सुमारें १५ किलोमीटरांचें अंतर. कंठ कितीहि खडा असला तरी मनुष्याचा आवाज इतकें अंतर तोडूं शकत नाहीं, आणि नगाऱ्याचा नाद झाला तरी तो वाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून निरोप उजेडानें गेला. पुढें तीन शतकें भरण्याच्या आंतच याच मुलखांत मनुष्याचा आवाजहि उजेडाच्या साहाय्यानें येऊं लागला. मात्र हा उजेड गडावरच्या आगीचा नव्हता. बोटभर कांचेच्या नळींत तापलेल्या एका तांबूस तारेचा होता.

हा मुलूख म्हणजे आजचे भोर व राजगड (पूर्वींचा वेल्हे) हे तालुके. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंद या नद्यांचीं अरुंद खोरीं, त्यांच्यामधून उतरलेल्या तोरण्याच्या व राजगडाच्या सोंडा, आणि १९४८ च्या मार्च महिन्यांत विलीनीकरण होईपर्यंत यांतील बराचसा भाग भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानाचा. एका खोऱ्यांतला शब्द दुसऱ्या खोऱ्यांत जावयाचा तर माणसानेंच खिंड चढावयास हवी, अशी ही भूमि. येथें त्या कांचेच्या नळीनें काय केलें हें समजण्यास तिचें कार्य थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. आज गिटार वाजविणारीं तरुण मंडळी आपल्या ध्वनिवर्धकांतील व्हॉल्व्ह बदलून आवाजाचा गुण सुधारण्याची जी खटपट करीत असतात, तिचें मूळहि याच नळीच्या पोटांत आहे.

भाटघरचें धरण ज्यांनीं पावसाळ्यांत पाहिलें आहे त्यांना ही गोष्ट कठीण वाटूं नये. धरणाचें दार हालविण्यास लागणारें बळ थोडें. पण त्या दारानें अडविलेलें किंवा सोडलेलें पाणी अफाट. व्हॉल्व्हमध्यें पाण्याच्या जागीं विजेचे सूक्ष्म कण असतात. नळींतील हवा काढून टाकलेली असते. मध्यभागीं तापून लाल झालेली एक बारीक नलिका असते व तिच्यापासून हे कण सुटतात. बाहेरच्या अंगास धातूचा पत्रा असतो. त्याच्यावर शेंकडों व्होल्टांचा दाब ठेविला म्हणजे कण त्याच्याकडे धांव घेतात. या दोहोंच्या मध्यें तारेची एक जाळी बसविलेली असते. हीच ती धरणाचें दार. जाळीवर क्षीणशी विद्युत्-लहर आली कीं तिच्या चढउतारासरशी कणांचा मोठा ओघ कमीजास्त होतो, आणि जी लहर मुंगीच्या पावलानें आंत शिरली तीच हत्तीच्या पावलानें बाहेर पडते. ध्वनिवर्धन म्हणतात तें हेंच.

१९०४ मध्यें इंग्लंडांत फ्लेमिंग यानें जाळीवांचून अशी नळी सिद्ध केली होती. १९०६ मध्यें अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें तिच्यांत जाळी घातली. गंमत अशी कीं, नळी कां चालते याचा उलगडा खुद्द डी फॉरेस्टला नीटसा झालेला नव्हता. आंत थोडा वायु राहणें जरूर आहे अशी त्याची समजूत होती. १९१३ च्या सुमारास हॅरल्ड आर्नोल्ड प्रभृति टेलिफोनच्या शास्त्रज्ञांनीं ती समजूत खोटी ठरवून नळी पूर्ण निर्वात केली, तेव्हां कोठें ती भरंवशाची झाली. १९१५ च्या जानेवारींत न्यूयॉर्कचा शब्द टेलिफोनच्या तारेवरून सॅन फ्रान्सिस्कोस ऐकूं गेला तो या नळ्यांच्या जोरावर. तारेवांचून शब्द पाठविण्यासहि याच नळ्या लागल्या, आणि येथून आपल्या डोंगरांचा संबंध सुरू होतो.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. त्याची शक्ति दीड किलोवॅट, आणि खात्रीनें ऐकूं येण्याची मर्यादा सुमारें ३० मैल. भोर तेथून सरळ रेषेनें ८० मैलांहून दूर. अर्थात् कंपनीच्या हिशेबीं भोर-वेल्ह्याचा प्रदेश नकाशाबाहेरचाच होता. कंपनी तीन वर्षेंहि पुरी न होतां बुडाली व १९३० मध्यें तिचा कारभार सरकारनें हातीं घेतला. १९३६ मध्यें ऑल इंडिया रेडिओ हें नांव पडलें, १९३८ मध्यें मुंबईस लघुलहरींचें शक्तिमान् यंत्र बसलें, आणि लघुलहरी आकाशांत परावर्तित होऊन उतरत असल्यामुळें डोंगरांची आडकाठी पुष्कळशी दूर झाली. पुण्याचें केंद्र मात्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं निघालें.

लहर खोऱ्यांत उतरली तरी ती ऐकावयास यंत्र हवें, आणि यंत्रास वीज हवी. शहरांतील यंत्राला भिंतींतल्या खुंटीवर वीज मिळे. खेड्यांतील यंत्राला दोन प्रकारच्या बॅटऱ्या लागत. व्हॉल्व्हमधील तार तापविण्यास दोन व्होल्टांची आम्लाची बॅटरी, आणि पत्र्यावर दाब ठेवण्यास ९० किंवा त्याहून अधिक व्होल्टांची कोरडी बॅटरी, तीहि विटेएवढी जड व किंमतीनें भारी. आम्लाची बॅटरी उतरली कीं ती भरून आणण्यासाठीं विजेच्या गांवाला न्यावी लागे. १९४० च्या सुमारास अवघ्या १.४ व्होल्टांवर तापणारे नखाएवढे व्हॉल्व्ह निघाले आणि हा त्रास निम्मा झाला; पण मोठी बॅटरी राहिलीच. म्हणून अशा प्रदेशांत रेडिओ म्हणजे घराची वस्तु नसून गांवाची वस्तु ठरे. चावडीपुढें कर्णा लावावा आणि भोंवतीं माणसें बसावीं. ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी तालुक्यांत ग्रामीण श्रवणाचा जो प्रयोग १९३० नंतरच्या दशकांत झाला तो याच विचारानें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. जुन्या रेडिओचा आवाज फार गोड होता, असें घरोघरचीं वडील माणसें अजूनहि सांगतात. हें केवळ गतकाळाचें कौतुक म्हणावें काय? तसें म्हणतां येत नाहीं. परंतु गोडव्याचें श्रेय गायकाला जितकें, तितकेंच यंत्राच्या उणिवेलाहि द्यावें लागतें. त्या काळच्या प्रक्षेपणांतून व यंत्रांतून अतिउंच कंपनांचे ध्वनि फारसे पार पडत नसत, म्हणून आवाजांतली खरखर व शीळ आपोआपच गाळली जाई. लांकडी पेटी आपल्या परीनें घुमे. आणि शेवटचा व्हॉल्व्ह, जो कर्ण्याला हालवी, तो आलेली लहर जशीच्या तशी मोठी न करतां तिच्यांत स्वतःचें कांहीं मिसळी. हें जें स्वतःचें मिसळणें तेंच आपल्या विषयाचें बीज आहे.

संगीताशीं परिचय असणाऱ्यांना हें लौकर कळेल. तंबोऱ्याची षड्जाची तार छेडली म्हणजे एकटा षड्जच निघत नाहीं. त्याबरोबर दुप्पट कंपनांचा तार सप्तकांतील षड्ज, तिप्पट कंपनांचा तार पंचम, आणि कान लावून ऐकल्यास पांचपट कंपनांचा गांधारहि ऐकूं येतो. यांना उपस्वर म्हणतात. आतां व्हॉल्व्हची गोष्ट अशी कीं, लहर लहान आहे तोंवर तो प्रामाणिक असतो. लहर मोठी झाली कीं तिच्या एका टोंकास तो जरा पाघळतो. त्या पाघळण्यानें लहरीचा आकार बदलतो, आणि आकार बदलला कीं नवे उपस्वर उत्पन्न होतात. साध्या तीन अग्रांच्या व्हॉल्व्हमध्यें मुख्यतः दुप्पट कंपनांचा, म्हणजे त्याच स्वराचा तार सप्तकांतील जोडीदार निघतो. तो मूळ स्वराशीं इतका मिळून जातो कीं ऐकणाऱ्यास दोष वाटण्याऐवजीं आवाज भरदार वाटतो. दोन व्हॉल्व्ह उलटसुलट जोडून काम घेतलें असतां दुपटीचे उपस्वर परस्परांस मारतात व तिपटीचा पंचम वर येतो. आवाजास धार चढते. उलट ट्रान्झिस्टरची साधी मांडणी मर्यादेपर्यंत सरळ चालते व मर्यादा येतांच लहरीचा माथा सुरीनें कापल्यासारखा छाटते. त्यामुळें जे दूरदूरचे उपस्वर उठतात ते मूळ स्वराशीं नांदत नाहींत, आणि कानाला टोंचतात.

टेलिफोनच्या व रेडिओच्या शास्त्रज्ञांना हें मिसळणें मुळींच मान्य नव्हतें. त्यांचें ब्रीद एकच: जें आंत आलें तेंच बाहेर जावें. १९२७ मध्यें हॅरल्ड ब्लॅक यानें बाहेर पडलेल्या लहरीचा थोडा अंश उलटा करून पुन्हां आंत सोडण्याची युक्ति काढली. त्यायोगें व्हॉल्व्हचा दोष व्हॉल्व्हकडूनच खोडविला जाऊं लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ध्वनिवर्धनाचा सारा इतिहास हा या मिसळण्याशीं केलेल्या झगड्याचा इतिहास आहे. आणि झगडा जिंकत आला असतांना, ज्यांचा शास्त्राशीं कांहीं संबंध नाहीं अशा वादकांनीं येऊन सांगितलें कीं आम्हांला तो दोषच हवा.

हे वादक गिटारीचे. गिटार मूळची नाजूक आवाजाची. अमेरिकेंत १९२० नंतर नृत्यवाद्यवृंदांत पितळी कर्ण्यांपुढें तिचें कांहीं चालेना. तेव्हां १९३० च्या थोडें पुढें तिच्या लोखंडी तारांखालीं लोहचुंबक व तारेचें वेटोळें बसवून तिचा स्वर विजेंत उतरविण्यांत आला. पहिली प्रसिद्ध विद्युत्-गिटार रिकनबॅकर कंपनीची, आणि ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनें वाजविण्याची हवाई पद्धतीची होती. विजेंत उतरलेला स्वर मोठा करावयास यंत्र हवें. तें आणावें कोठून? तें तयारच होतें. रेडिओचा उत्तरार्ध, म्हणजे लहर पकडण्याचा भाग वगळून उरलेला वाढविण्याचा भाग व कर्णा, एका पेटींत घातला कीं झाला गिटारीचा ध्वनिवर्धक. या धंद्यांतील सर्वांत नांवाजलेला कारखानदार लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियांतील फुलरटन गांवीं १९३८ पासून रेडिओदुरुस्तीचें दुकान चालवी. त्यानें १९४६ मध्यें गिटारी व ध्वनिवर्धक करण्याची कंपनी काढली. गिटारीच्या ध्वनिवर्धकाचा जन्म असा दुरुस्तीच्या मेजावर झालेला आहे, ही गोष्ट विसरतां कामा नये. दुरुस्ती करणाऱ्यास एक व्हॉल्व्ह काढून दुसरा घालून पाहण्याची संवय असते, आणि ती संवय त्या वाद्यास जन्मतःच लागली.

फेंडरनें १९५० नंतरच्या दशकांत बेसमन नांवाचा ध्वनिवर्धक काढला. तो खर्जाच्या गिटारीसाठीं होता, म्हणून आवाज स्वच्छ राहावा अशीच त्याची योजना. १९५९ च्या सुमाराच्या नमुन्यांत पहिल्या पायरीवर १२ एवाय ७ हा व्हॉल्व्ह असे. त्याचा वर्धनांक सुमारें ४४. लंडनच्या पश्चिम भागांत हॅनवेल येथें जिम मार्शल याचें वाद्यांचें दुकान होतें. अमेरिकन माल तिकडे महाग पडे, व गिऱ्हाइकें बेसमनची मागणी करीत. तेव्हां १९६२ मध्यें मार्शल व त्याचे सहकारी केन ब्रान व डडली क्रेव्हन यांनीं बेसमनची मांडणी समोर ठेवून आपला ध्वनिवर्धक बांधला. पहिल्या पायरीवर त्यांनीं ईसीसी ८३ घातला. तो अमेरिकेंत १२ एएक्स ७ या नांवानें ओळखला जातो, त्याला पाय तेच नऊ, तार तापविण्याचा दाब तोच, पण वर्धनांक १००. दिसावयास फरक एका नांवाचा. परिणाम मात्र असा झाला कीं पुढच्या पायऱ्यांना मिळणारी लहर दुपटीच्या आसपास गेली, आणि त्या पूर्वींपेक्षां कितीतरी लौकर पाघळूं लागल्या. खटका जरासा फिरवितांच स्वर फुटूं लागे, तार छेडल्यानंतर तो लांबत राही, आणि बोटाचा जोर कमी करतांच पुन्हां निवळे. त्या काळच्या इंग्लिश तरुण वादकांस हेंच हवें होतें. प्रामाणिकपणें हेंहि सांगितलें पाहिजे कीं फरक केवळ त्या एका व्हॉल्व्हचा नव्हता. मार्शलचें ट्रान्सफॉर्मर निराळें, कर्णे निराळे, पेटी मागून बंद केलेली. परंतु व्हॉल्व्ह बदलून आवाज बदलतो या श्रद्धेला जो ठोस आधार आहे तो या उदाहरणाहून चांगला दुसरा मिळावयाचा नाहीं.

आपल्याकडे हा विचार अपरिचित नाहीं. मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार यांचा समाज शस्त्रांना धार लावणारा. एकोणिसाव्या शतकांत ते सतार-तंबोरे करण्याकडे वळले आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. या कारागिरांची खरी परीक्षा जवारी काढण्यांत. घोडीचा माथा अत्यंत हलक्या हातानें घांसून त्याला असा बांक द्यावयाचा कीं कांपणारी तार त्याला किंचित् स्पर्श करीत राहील. मग तारेखालीं सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधावयाची. तारेचें निर्मळ कंपन कारागीर हेतुपुरःसर बिघडवितो, आणि त्या बिघाडांतून उपस्वरांचा झोत उठतो. मोकळी, बंद, गोल, असे जवारीचे प्रकार गवयाच्या गळ्याप्रमाणें ठरतात. ईसीसी ८३ काढून १२ एवाय ७ घालणारा वादक व जवारी किंचित् बंद करून मागणारा गवई हे एकाच पंथाचे वारकरी होत. एकानें हाड घांसविलें, दुसऱ्यानें नळी बदलली.

मुंबईंत विद्युत्-गिटार आली ती हवाई पद्धतीनें. मांडीवरची गिटार, पोलादी कांडी आणि मींड यांची आपल्या कानांशीं गट्टी जमण्यास वेळ लागला नाहीं. व्हॅन शिप्ले व हजारासिंग यांनीं चित्रपटगीतांच्या चाली या वाद्यावर वाजविल्या व त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या. ज्या घरांत पाश्चात्य संगीताचें नांव काढीत नसत त्यांतहि गिटारीचा हा गाणारा स्वर पोंचला. येथील रुचि लंडनच्या रुचीहून वेगळी दिसते. आपल्या वादकांनीं ध्वनिवर्धकाकडून स्वराचें फुटणें मागितलें नाहीं. त्यांनीं मागितली आस, म्हणजे एका आघातावर स्वर टिकून राहणें, कारण त्यावांचून मींड पुरी होत नाहीं. एकाच यंत्राच्या एकाच गुणापासून दोन देशांनीं दोन निरनिराळ्या गोष्टी घेतल्या. पुढें मुंबई-पुण्याच्या तरुण वाद्यवृंदांनीं इंग्लिश-अमेरिकन धाटणी उचलली. २०१० पासून पुण्यांत सुरू झालेल्या एनएच ७ वीकेंडरसारख्या उत्सवांत ती धाटणी हजारों श्रोत्यांसमोर आली, आणि व्हॉल्व्हची चर्चा रेडिओदुरुस्तीच्या दुकानांतून निघून कॉलेजांच्या वसतिगृहांत शिरली.

ही चर्चा करणारांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिल्या पायरीवरील नऊ पायांचे व्हॉल्व्ह बदलणें सोपें. १२ एएक्स ७ चा वर्धनांक १००, ५७५१ चा ७०, १२ एटी ७ चा ६०, १२ एवाय ७ चा ४४, १२ एयू ७ चा २० च्या आंत. ध्वनिवर्धक फार लौकर फुटत असेल तर उतरत्या अंकाचा व्हॉल्व्ह घालावा, तो शांत होतो. मात्र अंक कमी म्हणजे आवाजहि कमी. आणि १२ एटी ७ ची प्रकृति जरा निराळी असल्यानें तो काहीं जागीं रुक्ष वाटतो. शेवटच्या पायरीवरील मोठ्या व्हॉल्व्हांची गोष्ट मात्र अगदीं वेगळी आहे. १९३६ मध्यें निघालेला अमेरिकन ६ एल ६ व युरोपांतील ईएल ३४ यांना पाय सारखेच आठ. म्हणून एक काढून दुसरा खोंचतां येईल असें वाटतें. परंतु ईएल ३४ ला तार तापविण्यास दीड अँपिअर प्रवाह लागतो, ६ एल ६ ला पाऊण अँपिअरहून थोडा अधिक. शिवाय पहिल्या पायाची जोडणी निराळी. जाळीवरील स्थिर दाब नव्या व्हॉल्व्हप्रमाणें बसविला नाहीं तर पत्रा लाल होतो, आणि अर्ध्या तासांत व्हॉल्व्ह व कधीं कधीं ट्रान्सफॉर्मरहि निकामी होतो. आणखी एक: यंत्र बंद करून वायर काढली तरी आंतील कंडेन्सरांत चार-पांचशें व्होल्टांचा दाब बराच वेळ राहतो. त्याला अनवधानानें लागलेला हात पुन्हां गिटार धरील याची शाश्वति नाहीं.

आणि श्रद्धा कोठपर्यंत न्यावी? एकाच जातीचे व एकाच प्रकृतीचे दोन व्हॉल्व्ह, एक ह्या कारखान्याचा व एक त्या, यांत आकाशपाताळाचा फरक आहे असें सांगणारे फार, आणि डोळे बांधून तो ओळखणारे थोडे. जुना, झिजलेला व्हॉल्व्ह काढून नवा घातला तर आवाज उजळतो, यांत नवल नाहीं. तें नव्याचें तेज, कारखान्याचा महिमा नव्हे. पेन्सिलीच्या टोंकानें कांचेवर हळूच टिचकी मारावी. कर्ण्यांतून घंटेसारखा नाद उठला तर त्या व्हॉल्व्हचीं आंतील अंगें सैल झालीं आहेत, त्याला बदलावें. ही परीक्षा शंभर मतांहून अधिक उपयोगी. आवाजाचें रूप जर मुळांतच पालटावयाचें असेल तर कर्णा बदलल्यानें जें होतें तें व्हॉल्व्ह बदलल्यानें होत नाहीं. परंतु कर्णा बदलावयास पेटी खोलावी लागते, व्हॉल्व्ह हातानें निघतो. मनुष्यस्वभाव सोप्या वाटेनें जातो.

हिंदुस्थानांतहि हे व्हॉल्व्ह तयार होत असत, हें आतां फार थोड्यांच्या लक्षांत असेल. बंगलोर येथें १९५४ मध्यें स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनें १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह करण्यास आरंभ केला. त्याची विद्या हॉलंडच्या फिलिप्स कंपनीकडून आलेली. ठाण्याच्या मर्फीसारखे रेडिओ ज्यांच्या दिवाणखान्यांत होते त्यांनीं मागचा पुठ्ठा काढून पाहिला असतां अशाच नळ्या ओळीनें तेवतांना दिसत. याच कंपनीचे ईसीसी ८३ पुढें परदेशांतील गिटारवादकांच्याहि हातीं गेले, आणि मराठी घरांत भक्तिगीतें ऐकविणारी नळी तिकडे निराळ्याच कामास लागली. परंतु व्हॉल्व्हचा कारखाना उभा राहतो आहे तोंच त्याचा शत्रु जन्मून चौदा वर्षांचा झाला होता. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर निघाला. भारत इलेक्ट्रॉनिक्सनेंच १९६२ मध्यें जर्मेनियमचे अर्धवाहक करण्यास सुरुवात केली. टॉर्चच्या सेलांवर चालणारा रेडिओ निघाला आणि विटेएवढ्या बॅटरीचें काम उरलें नाहीं. वेल्ह्याकडील वाड्यावस्त्यांना घरोघर रेडिओ मिळाला तो असा, ट्रान्झिस्टरच्या रूपानें. त्या खोऱ्यांत व्हॉल्व्हचा दिवा पुरता पेटलाच नाहीं. शहरांत जो चाळीस वर्षें तेवला तो तेथें चावडीपर्यंत येऊन विझला. भोरच्या राजवाड्याच्या गांवाहून पुणें फार लांब नाहीं, पण यंत्रांच्या इतिहासांत या दोहोंमध्यें एक अख्खी पिढी गळालेली आहे.

निर्वात नळ्यांची विद्या अगदींच गेली असें मात्र नाहीं. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा पुणें येथील कारखाना १९७९ मध्यें निघाला तो अंधारांत पाहण्याच्या उपकरणांतील नळ्यांसाठीं. त्या निराळ्या जातीच्या. त्यांचा सुराशीं संबंध नाहीं. गिटारीच्या ध्वनिवर्धकाला लागणाऱ्या नळ्या आज जगांत मुख्यतः तीन ठिकाणीं होतात: रशियांत साराटोव्ह, स्लोव्हाकियांत चाड्त्सा, आणि चीनमध्यें. २०२२ च्या मार्च महिन्यांत रशियन नळ्यांच्या निर्यातीस बंदी झाल्याची बातमी आली, तेव्हां एका आठवड्यांत जगभरच्या दुकानांत त्यांची टंचाई भासूं लागली व किंमती वाढल्या. बंदी पुढें सैल झाली. किंमती पूर्वपदावर आल्या नाहींत. त्या दिवसांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर व पुण्याच्या तपकीर गल्लींत तरुण गिऱ्हाइकें जुन्या दुकानदारांस एकच प्रश्न विचारीत असल्यास आश्चर्य नाहीं, कीं माळ्यावर बंगलोरचीं जुनीं खोकीं उरलीं आहेत काय. असें एखादें खोकें हातीं आलें म्हणजे जाणता मनुष्य त्यावरील नांव वाचण्यापूर्वीं नळी उजेडाकडे धरतो आणि कांचेच्या माथ्यावरील रुपेरी डाग पाहतो. तो चकचकीत असेल तर नळी अजून निर्वात आहे. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर कधीं तरी आंत हवा शिरली, आणि मग ती नळी परत पुठ्ठ्यांत गुंडाळून ठेवावी लागते.